हवाई छत्रीची उडी : ओढ आणि धोका

तर्कशास्त्राच्या मास्तराने हवाई छत्रीवर बोलावे, हे आपल्याला थोडे विचित्र वाटेल. पण त्याला कारण आहे. हल्ली वर्गातली मुले-मुली मोबाईलवर आकाशातून उड्या मारणाऱ्यांची चलचित्रे पाहतात आणि तास संपला की विचारतात, "सर, हे आपल्याला जमेल का हो?" मग चार दिवसांनी त्यांचे वडील भेटतात. ते विचारतात, "सर, हे खूळ हिच्या डोक्यातून जाईल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि मला असे दिसते, की दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे : छत्री उघडली तर माणूस वाचला, नाही उघडली तर संपला. म्हणजे सगळा मामला नाणेफेकीचा. ही समजूत तपासून पाहावी, एवढ्याचसाठी आजचे हे बोलणे.

आधी इतिहास थोडक्यात सांगतो. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरिन नावाचा फ्रेंच मनुष्य बलूनमधून सुमारे तीन हजार फूट वर गेला आणि छत्रीला टांगलेल्या टोपलीत बसून खाली आला. टोपली घड्याळाच्या लंबकासारखी इतकी हेलकावत होती, की बघणाऱ्यांच्या छातीत धस्स झाले. कारण साधे होते. छत्रीच्या माथ्याला भोक नव्हते. आत कोंडलेली हवा कधी या काठाने तर कधी त्या काठाने निसटे, आणि छत्री डुले. पुढे माथ्यावर भोक ठेवण्याची पद्धत आली आणि हेलकावे कमी झाले. आपल्याकडे १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज बलूनवीर कलकत्त्यास आला होता. त्याच्याकडून विद्या घेऊन रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूने १८९० मध्ये स्वतः छत्रीने उतरून दाखवले. तेव्हा हे सारे साहेबाचे नि परदेशचे आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे आपल्याही घरचे आहे.

परंतु या सगळ्या उड्यांत छत्री आधीच टांगलेली असे. मनुष्य मोकळा पडत नसे. मोकळे पडता पडता हाताने दोरी ओढून छत्री उघडायची, हे अमेरिकेत लेस्ली अर्विन याने २८ एप्रिल १९१९ रोजी करून दाखवले. तोपर्यंत शहाण्या लोकांची अशी धारणा होती, की मोकळा पडणारा मनुष्य वाटेतच शुद्ध हरपेल, मग दोरी कोण ओढणार? अर्विन शुद्धीवर होता. जमिनीवर आपटून त्याच्या घोट्याला इजा झाली, पण वरची धारणा मोडली. पुढे त्याच्याच कंपनीने, छत्रीमुळे ज्यांचे प्राण वाचले अशा वैमानिकांना सोन्याचा एक इवलासा किडा भेट देण्याची प्रथा सुरू केली. किडा कशाला? तर त्या काळी छत्र्या रेशमाच्या असत. ज्याला आपण पैठणीत मिरवतो तेच रेशीम. हलके, चिवट आणि निसरडे, म्हणून घडीतून झटकन सुटणारे. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन आले आणि किड्यांची सुटका झाली.

सैनिकांची उडी आणि हौशी माणसाची उडी यांत मात्र गल्लत करू नये. आपल्या लष्कराची २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ ती विमानांतून उतरली आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन तिने शत्रूची ढाक्याकडची वाट अडवली. पाच दिवसांनी ढाका पडले. त्या उडीत मोकळे पडणे नव्हते. सैनिकाच्या छत्रीचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. तो बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. उंची थोडी, कारण हवेत जितका वेळ लोंबकळावे तितका वेळ शत्रूच्या बंदुकीला नेम मिळतो. तिथे उडी हे साधन होते, पूल हे साध्य होते. हौशी उडीत उडी हेच साध्य. म्हणून तिची चिकित्साही वेगळी करायला हवी.

आता ही हौशी उडी, जिला स्कायडायव्हिंग म्हणतात, ती प्रत्यक्षात कशी घडते ते पाहू. विमान साधारण तेरा हजार फुटांवर जाते. दार उघडते. मनुष्य बाहेर पडतो. इथे ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना येतो ना, तसा. पण गंमत अशी, की उडी घेणाऱ्याच्या पोटात तो बहुधा येत नाही. विमान आधीच वेगाने पुढे जात असते, तेव्हा बाहेर पाऊल टाकताच समोरून वाऱ्याची भिंत अंगावर येते. पडण्याचा वेग वाढत जातो तसतसा हवेचा विरोधही वाढत जातो, आणि दहा-बारा सेकंदांत दोन्ही बरोबरीला येतात. त्यानंतर वेग वाढत नाही. पोट जमिनीकडे करून हातपाय पसरलेल्या माणसाचा हा वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर असतो. डोके खाली केले तर तो याहून पुष्कळ वाढतो. म्हणजे शरीराला वाटते ते पडणे नव्हेच. वाटते ते असे, की हवेने आपल्याला खालून उचलून धरले आहे. ज्यांनी उडी घेतली ते "पडलो" असे फार क्वचित म्हणतात, "उडालो" असे म्हणतात. स्थिर तरंगत्या बलूनमधून उडी मारली तर मात्र पाळण्याचा तो गोळा नक्की येतो, कारण समोरून वारा नसतो.

या वेळी अंगाची ठेवण कशी असते? कंबर पुढे, छाती खाली, हात आणि गुडघ्यापासूनचे पाय मागे वर वळलेले. बॅडमिंटनचे फूल जसे बूड खाली करून स्थिर येते तसा मनुष्य स्थिर येतो. वेरूळच्या कैलास लेण्यात भिंतीवरचे उडणारे गंधर्व-विद्याधर पाहा, किंवा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात अप्सरांबरोबर ढगांतून येणारा इंद्र पाहा. गुडघ्यात दुमडून मागे गेलेले पाय, पुढे झुकलेली छाती, मागे फडफडणारी वस्त्रे. त्या कारागिरांनी कोणाला उडताना पाहिले नव्हते, हे उघड आहे. पण हवा खालून उचलते तेव्हा शरीर कसे होईल, याची अटकळ त्यांना होती असे मला नेहमी वाटते. ही ओढ आजची नाही, एवढेच यातून घ्यावे.

ही झाली आनंदाची बाजू. आता तिच्या पोटातच धोका कसा बसला आहे ते सांगतो.

तेरा हजार फुटांवर माणसाच्या जवळपास काहीच नसते. झाड नाही, खांब नाही, घर नाही. वेग कळायला बाजूने काही तरी मागे जावे लागते. ते नसल्यामुळे जमीन चित्रासारखी स्थिर दिसते, आणि म्हणूनच तरंगल्याचा भास होतो. त्याच कारणाने, किती उंची गेली हेही कळत नाही. शेवटच्या एक-दोन हजार फुटांत मात्र जमीन एकाएकी फुगून अंगावर येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणजे ज्यामुळे मजा येते त्याचमुळे फसगत होते. हे आपल्या गावच्या मापाने मोजून पाहा. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उंच आहे. आपण तो घाम गाळत तासाभराने चढतो. मोकळा पडणारा मनुष्य ती उंची चार सेकंदांच्या आत ओलांडतो. पाच हजार फुटांवरून छत्रीवाचून जमिनीपर्यंत यायला अर्धे मिनिटही लागत नाही. अडीच हजार फूट, म्हणजे जवळजवळ चार देवगिरी एकावर एक, तिथून चौदा सेकंद. एवढ्यासाठीच मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ असते, आणि नवशिक्याला पहिला धडा हा, की डोळ्यांवर नव्हे, घड्याळावर विश्वास ठेव.

विद्यार्थी साधारण पाच हजार फुटांच्या आसपास छत्री उघडतो. ती नीट उघडली नाही तर? इथे बहुतेकांची समजूत चुकते. पाठीवर छत्री एक नसते, दोन असतात. मुख्य छत्री पुष्कळ जण स्वतः घडी करून भरतात. राखीव छत्री परवानाधारक कारागीरच भरतो, तिला मोहोर लावतो, आणि अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती पुन्हा उघडून, तपासून भरावी लागते. मुख्य छत्री गुंतली तर आधी ती सोडून द्यायची, आणि मगच राखीव छत्री उघडायची. दोन्ही एकदम उघडल्या तर एकमेकींत अडकू शकतात. जाणकारांचा ढोबळ अंदाज असा, की हजारात एखाद्या उडीत मुख्य छत्री उतरण्याजोगी उघडत नाही. हा काही फार दिलासा देणारा आकडा नव्हे, पण त्यासाठीच दुसरी छत्री असते. आणि माणूस गोंधळला, बेशुद्ध झाला, काहीच करू शकला नाही, तर एक छोटे यंत्र असते. साडेसातशे फुटांच्या सुमारास, म्हणजे एका देवगिरीहून थोडीच अधिक उंची उरली असता, मनुष्य अजून वेगाने पडतोच आहे असे दिसले तर ते राखीव छत्री आपणहून उघडते. हेल्मुट क्लोथ या जर्मन गृहस्थाने बनवलेले असे यंत्र १९९१ मध्ये बाजारात आले, आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत.

या सुधारणांचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९७०च्या दशकात तिथे दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे या छंदात दगावत. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे दगावली. म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक उड्यांमागे एक. यावर आमची मुले लगेच टाळ्या वाजवतात. मी त्यांना म्हणतो, थांबा. हा आकडा एका उडीचा आहे, एका माणसाचा नव्हे. आयुष्यात एकदा, शिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन उडी मारणारा आणि वर्षाला दोनशे उड्या मारणारा, हे दोघे एका मापाने मोजता येत नाहीत. दुसऱ्याचा हिशेब वर्षाकाठी अठराशेत एक इतका येतो, आणि तशी दहा वर्षे काढली तर एकशे ऐंशीत एक. दोन्ही आकडे एकाच वाक्यातून निघालेले आहेत. जो तुम्हाला पहिलाच सांगतो त्याला काही तरी विकायचे आहे, आणि जो दुसराच सांगतो त्याला तुम्हाला घरी बसवायचे आहे.

पण मला आकड्यापेक्षा त्यामागचे कारण महत्त्वाचे वाटते. हे दगावलेले लोक कशाने गेले? छत्री उघडली नाही म्हणून? काही तसे गेले. पण वर्षानुवर्षे यात मोठा वाटा अशांचा आहे, ज्यांची छत्री उत्तम उघडलेली होती! हे ऐकून प्रत्येक जण चमकतो. त्याचे कारण छत्रीच्या आकारात आहे. जुनी छत्री गोल, पावसाळ्यातल्या छत्रीसारखी. ती नुसती खाली येई, वारा नेईल तिकडे. आजची छत्री चौकोनी, तिच्या कप्प्यांत हवा भरून तिचा पंख होतो. ही कल्पना डॉमिना जाल्बेर याने १९६४ मध्ये पुढे आणली. पंख म्हटला की तो पुढे धावणार, वळणार. छत्री जितकी लहान तितकी ती चपळ. दोरी ओढून एकदम वळवली, तर छत्री झुकते, खालचा मनुष्य झोपाळ्यासारखा बाहेर फेकला जातो आणि सगळे धूड वेगाने खाली सूर मारते. हजार फुटांवर ही मौज आहे. शंभर फुटांवर सावरायला जागाच उरत नाही. कोणी मुद्दाम ऐट म्हणून तसे करतो. कोणी अचानक समोर झाड दिसले म्हणून बिचकून दोरी ओढतो. दोन्हींत छत्रीचा दोष नसतो.

छत्र्यांचे अनेक भाग सुधारणारे बिल बूथ नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ आहेत. त्यांचे एक निरीक्षण या वर्तुळात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की साधने जितकी सुरक्षित होतात तितकी माणसे जास्त धाडस करतात, आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. हे मला तर्काला धरून वाटते. आपल्या जालना रस्त्याचा पहा ना. रस्ता रुंद झाला म्हणून कोणी सावकाश चालवायला लागला आहे काय?

मग भीतीचे काय? भीती गेली पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. १९६० च्या दशकात अमेरिकेत सिमोर एपस्टाइन आणि वॉल्टर फेंझ या दोन मानसशास्त्रज्ञांनी छत्रीने उडी घेणाऱ्यांच्या नाडीचे, श्वासाचे आणि तळहातावरच्या घामाचे मोजमाप केले. नवशिक्यांची भीती विमान वर चढेल तशी वाढत जाई आणि उडीच्या क्षणाला कळसाला पोहोचे. मुरलेल्या लोकांचे मात्र वेगळेच दिसले. त्यांनाही भीती वाटत होती, पण ती आधी येऊन गेलेली असे. विमान चढू लागले की ती ओसरे, आणि दारापाशी ते जवळजवळ शांत असत. म्हणजे अनुभवाने भीती नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. माझ्या मते या छंदाची सगळी ओढ इथे आहे. छातीत धडधडणारी गोष्ट आपल्या हुकमतीत आणता येते, हे एकदा अंगाने कळले की ते सुख सहज सोडवत नाही. आणि भीती आधी आली तर तिचा उपयोगही होतो. जमिनीवर असताना घाबरणारा मनुष्य पट्टे दोनदा तपासतो. दारात घाबरणाऱ्याला तपासायला वेळच नसतो.

मराठी माणसाच्या बाबतीत या विषयावर बोलायचे तर पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव घेतल्यावाचून भागत नाही. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. तपमान शून्याखाली ३७ अंश. आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती, आधी सरावाची एकही नाही. १५ डिसेंबर २००६ रोजी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून त्या उतरल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून.

ही नावनिशी ऐकून आमच्या मुलींना स्फुरण चढते, आणि चढावे. पण मी त्यांना स्पष्ट सांगतो, की यांतली पहिली उडी कौतुकाची आहे, अनुकरणाची नाही. अनुकरण करायचे तर नऊवारीच्या उडीचे करा. कसे म्हणता? मोकळे कापड हा छत्रीचा वैरी. पदर सुटून छत्रीच्या मुठीवर आला तर हाताला मूठ सापडणार नाही. दोऱ्यांत गेला तर छत्री गुंतेल. तोंडावर आला तर उंचीचे घड्याळ दिसणार नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात नऊवार कापड जागच्या जागी राहायचे, तर प्रत्येक निरी, प्रत्येक काठ आधी जमिनीवर बसून विचारपूर्वक बांधावा लागतो. लोकांनी चित्रात साडी पाहिली. मला त्यात शेकडो उड्यांचा सराव आणि जमिनीवरचा तो बंदोबस्त दिसतो.

आपल्या देशात या खेळाची सोय अजून तुरळक आहे. अलीकडच्या वर्षांत हरियाणात नारनौलजवळ आणि मध्य प्रदेशात उज्जैनला नागरिकांसाठी अशा उड्या झाल्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हवाई खेळांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यात स्कायडायव्हिंगचाही समावेश आहे. मराठवाड्यातून कोणी गेलेच तर बहुधा शिक्षकाला बांधून घेण्याच्या जोडउडीसाठी जाईल. तीत छत्रीचा सगळा कारभार शिक्षकाकडे असतो. नवख्याने फक्त उतरताना पाय उचलून धरायचे, एवढेच त्याचे काम, आणि ते चुकले तर पाय मोडतो. हृदयविकार असेल, पाठीचे मणके दुखावलेले असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. छत्री उघडतानाचा हिसका आणि उतरतानाचा धक्का दुखरी जागा बरोबर शोधून काढतात.

आणि वाऱ्याचे विसरू नका. चैत्र-वैशाखात आपल्याकडे भर दुपारी शेतात वावटळी उठतात. आपण त्यांच्याकडे पाहून डोळे मिटतो, फार तर पाचोळा उडतो. पण जमिनीजवळ आलेल्या छत्रीच्या पंखात वावटळ शिरली, तर ती क्षणात पंख मिटवू शकते. तेवढ्या उंचीवर राखीव छत्रीचाही काही उपयोग होत नाही. म्हणून वारा बिघडला की शहाणा शिक्षक उडी थांबवतो, आणि विमान वर गेलेले असले तरी माणसांना घेऊन ते परत उतरवतो. तेव्हा मुलीला पाठवायचे ठरले, तर किती उड्या झाल्या, किती चित्रे निघाली, हे त्या केंद्राला विचारत बसू नका. शिक्षकाचा परवाना पाहा, राखीव छत्री केव्हा भरली त्याची नोंद पाहा, आणि मग सहज विचारावे तसे विचारा : गेल्या महिन्यात वाऱ्यापायी किती दिवस लोकांना उडीवाचून परत पाठवलेत? ज्याला चटकन आकडा सांगता येईल त्याच्याकडे पैसे भरा. "आमच्याकडे असे कधी होतच नाही," असे कोणी म्हणाला, तर मुलीला घेऊन सरळ परतीची गाडी पकडा.